दोनशे माणसं, पाच ओळी

'माउंट अँड ब्लेड २: बॅनरलॉर्ड' या मध्ययुगीन धाटणीच्या संगणकीय खेळातल्या लढाईचा मला कधीच कंटाळा येत नाही. कंटाळा येतो तो लढाई जिंकल्यावर. जयघोष थांबतो आणि समोर याद्या उघडतात. डावीकडे पकडलेले शत्रू आणि त्यांच्या कैदेतून सुटलेली माणसं, उजवीकडे आपलं सैन्य. तीन इम्पीरियल रिक्रूट, दोन व्लांडियन फुटमन, चार खुझैत नोमॅड, एक स्टर्जियन, एक असेराई, असे खेळातल्या निरनिराळ्या देशांचे शिपाई. ज्याची ज्याची तयारी झाली त्याच्या नावापुढे बढतीचे बाण. याला वर चढवायचं का? चढवायचं तर ढालवाला करायचा की तिरंदाज? घोडा लागणार असेल तर घोडा आहे का? पैसे पुरतील का? आणि हे सगळे प्रश्न पुढच्या लढाईनंतर पुन्हा, त्याच क्रमाने.

बरेच जण खेळ अर्ध्यावर सोडतात ते इथेच, असं मला वाटतं. राज्य मोठं होत जातं, लढाया रंगतदार होत जातात आणि नेमकं तेव्हाच यादीतलं काम असह्य होतं. त्यावर पहिला सल्ला मिळतो तो 'सैन्य लहान ठेव' असा. मला तो पटत नाही. सैन्य सांभाळणं जड होतं ते माणसांच्या संख्येमुळे नाही, प्रकारांच्या संख्येमुळे. दोनशे माणसं पस्तीस ओळींत विखुरलेली असतील तर ती पस्तीस वेळा विचार करायला लावतात. तीच दोनशे माणसं पाच-सहा ओळींत असतील तर तीस माणसांच्या टोळीपेक्षाही कमी त्रास देतात.

म्हणून मी मोहीम, म्हणजे नवा डाव, सुरू करतानाच ठरवून टाकते की शेवटी माझ्या सैन्यात कोण असणार. पायदळात इम्पीरियल लीजनरी, तिरंदाजीला बटानियाचे फियान चॅम्पियन आणि घोड्यावर एकच प्रकार, बहुतेक वेळा खुझैतांचे हेवी हॉर्स आर्चर. बस. लीजनरी होण्याचा रस्ता रिक्रूट, इन्फन्ट्रीमन, ट्रेन्ड इन्फन्ट्रीमन, व्हेटरन इन्फन्ट्रीमन असा सरळ जातो. वाटेत दोन फाटे लागतात. रिक्रूटचा तिरंदाज करता येतो आणि ट्रेन्ड इन्फन्ट्रीमनचा लांब भाल्याचा मेनाव्हलियाटन करता येतो. दोन्ही शिपाई चांगलेच आहेत. पण मी तिकडे वळतच नाही. साम्राज्याचा रिक्रूट दिसला की तो ढालवाला होणार, हे मोहिमेच्या पहिल्या दिवशी ठरलेलं असतं. मग बाणावर टिचकी मारताना डोकं लागत नाही.

निवड करताना बहुतेक जण कोण जास्त मारतो एवढंच बघतात. मी त्यासोबत आणखी एक गोष्ट बघते: हा शिपाई माझ्या मागे किती कामं लावणार? घोडेस्वारांच्या बढतीला सामानातला घोडा खर्ची पडतो, आणि वरच्या दर्जाच्या स्वारांना साधा घोडा चालत नाही, युद्धाचा घोडा लागतो. इम्पीरियल एलिट कॅटाफ्रॅक्ट डोळ्यांचं पारणं फेडतात, पण त्यांचा जथा उभा करायचा म्हणजे गावोगावच्या बाजारात घोडे हुडकत फिरणं आलं. फियान चॅम्पियनला घोडा लागत नाही. लांब पल्ल्याचं धनुष्य आणि दोन हातांची तलवार घेऊन तो पायीच उभा राहतो, आणि शत्रू अंगावर आला तरी डगमगत नाही. लीजनरीलाही घोडा नको. घोड्यांचं झंझट एकाच ओळीपुरतं उरतं.

इथे एक अडचण येते, ती लपवण्यात अर्थ नाही. सगळं सैन्य पायी असलं की नकाशावर ते सावकाश चालतं. त्यावर उपाय म्हणजे सामानात जास्तीचे घोडे ठेवायचे, म्हणजे पायदळवाले प्रवासात त्यावर बसतात आणि वेग वाढतो. मात्र माणसांच्या मानाने जनावरं फार झाली की तोच वेग पुन्हा घसरतो. पायदळाला पुरतील इतके घोडे एकदा घेतले की त्याकडे महिनोन्महिने बघावं लागत नाही. बढतीसाठी रोज चार घोडे शोधण्यापेक्षा हे कितीतरी सोपं.

संस्कृतींच्या बाबतीतही तोच हिशेब. कॅलरेडियात, म्हणजे खेळातल्या जगात, मूळ खेळापुरत्या सहा मुख्य संस्कृती आहेत आणि प्रत्येकीचं शिपायांचं झाड वेगळं. बटानिया आणि पश्चिम साम्राज्य नकाशावर एकमेकांना लागून आहेत, त्यामुळे दोन्हीकडची भरती एकाच फेरीत होते. खुझैत मात्र पार पूर्वेला, म्हणून ती ओळ भरायची तर तिकडचा वेगळा प्रवास करावा लागतो आणि मी तो क्वचितच करते. फियान होणारे पोरगे, म्हणजे हायबॉर्न यूथ, शोधायला मी किल्ल्यांना जोडलेल्या गावांकडे वळते. तेही एका वेळी एखाद-दुसराच हाती लागतो. गावातल्या मुखियांशी संबंध चांगले असले की ते जास्त जागा खुल्या करतात. म्हणून दहा गावांत थोडी थोडी ओळख ठेवण्यापेक्षा चार-पाच गावांची कामं मन लावून करते. डाकूंचा तळ उठव, गुरं पोचव, धान्य आण. पुढे त्या चार-पाच गावांतूनच माझी फळी भरत राहते आणि बाकीच्या गावांपाशी थांबायची गरज पडत नाही.

आता सगळ्यात मोठा मोह. लढाई जिंकल्यावर शत्रूच्या कैदेतून सुटलेले शिपाई फुकट मिळतात. त्यात व्लांडियाचे बॅनर नाइट असतात, स्टर्जियाचे कसलेले योद्धे असतात, कधी असेराईंचे स्वार. असा शिपाई घडवायला एरवी किती लढाया लागल्या असत्या! त्यांना जा म्हणणं जिवावर येतं, आणि घ्यायचं म्हटलं तर यादीत आठ-दहा नव्या ओळी. यावर मला सापडलेली वाट म्हणजे गॅरिसन, किल्ल्याची किंवा शहराची राखण करणारी शिबंदी. मी सगळ्यांना घेते, पण सोबत ठेवत नाही. वाटेत आपला जो पहिला किल्ला किंवा शहर लागेल तिथे त्यांना उतरवते.

तटाच्या आत एकसारखेपणाची गरजच नसते. मैदानात माझी ढालींची भिंत एका वेगाने चालली पाहिजे, तिरंदाजांचा पल्ला सारखा असला पाहिजे, म्हणून तिथे मी कडक असते. पण किल्ल्यावर शिडी लागली की वरून बाण सोडणारा कुठल्या देशाचा आहे याने काय फरक पडतो? व्लांडियाचा शार्पशूटर आपल्या क्रॉसबोने तटावरून जे काम करतो ते पाहण्यासारखं असतं. घोडेस्वारसुद्धा घोडा बाजूला ठेवून भिंतीवर चांगले लढतात, त्यांचं चिलखतच तेवढं भारी असतं. माझ्या सरहद्दीवरच्या किल्ल्यात सहाही संस्कृतींची माणसं आहेत. ती यादी लांबलचक आहे, पण ती मला रोज उघडावी लागत नाही, हे महत्त्वाचं.

किल्ला हातात आला की मी दोन गोष्टी लगेच बघते. एक, गॅरिसनच्या पगाराची कमाल मर्यादा. क्लॅन, म्हणजे आपल्या घराण्याच्या, स्क्रीनवर ती ठरवता येते आणि तिथेच आपोआप भरतीची खूण चालू-बंद करता येते. मर्यादा नसेल तर तिजोरी हळूहळू रिकामी होते आणि का होते ते शोधत बसावं लागतं. दुसरी, प्रशिक्षणाचं मैदान. ते बांधलं की आतल्या शिपायांना रोज थोडा अनुभव मिळत राहतो.

बढत्यांचं वेळापत्रक हा माझा आवडता विषय आहे, म्हणून यावर जरा जास्त लिहिते. प्रत्येक लढाईनंतर बढत्या द्यायच्या नाहीत. मी त्या फक्त शहरात शिरल्यावर देते. तिथे लूट विकायचीच असते, पैसे हातात आलेले असतात, घोडे समोर बाजारात असतात. कंट्रोल दाबून बाणावर क्लिक केलं की ओळीतले जेवढे तयार आहेत तेवढे सगळे वर जातात, शिफ्ट दाबलं तर पाच. ओळी पाच-सहाच असल्या की हे काम चहाचा घोट घेता घेता होतं. पण फार लांबणीवर टाकणंही बरं नाही. ओळीतले सगळे बढतीला पात्र झाले की त्यापुढचा अनुभव त्या ओळीत साठत नाही, वाया जातो. म्हणून पाठोपाठ मोठ्या लढाया होणार असतील आणि शहर दूर असेल तर तेवढ्यापुरता मी नियम मोडते.

अनुभव मिळवून देण्याचं कामही खेळावर सोपवता येतं. आपलं लीडरशिप हे कौशल्य पंचवीसवर पोचलं की पहिलीच निवड समोर येते: 'कॉम्बॅट टिप्स' किंवा 'रेझ द मीक'. दोन्हींनी शिपायांना लढाईशिवाय रोज अनुभव मिळतो, दुसऱ्याने खालच्या टियरच्या, म्हणजे पायरीच्या, शिपायांना. नवखी पोरं जास्त असतील तर मी 'रेझ द मीक' घेते. गावातून उचललेले रिक्रूट नुसते सोबत चालूनच वर येतात आणि डाकूंच्या मागे त्यांना पळवत बसावं लागत नाही.

त्याहून मोलाचे मला स्टुअर्ड या कौशल्यातले दोन पर्क, म्हणजे निवडून घ्यायचे गुण, वाटतात, 'पेड इन प्रॉमिस' आणि 'गिव्हिंग हँड्स'. पहिल्याने टाकून दिलेलं चिलखत आणि दुसऱ्याने टाकून दिलेली शस्त्रं शिपायांच्या अनुभवात जमा होतात. याचा उपयोग कळायला लुटारूंची एक मोठी टोळी मोडल्यानंतरचं सामान बघा. फाटके अंगरखे, दाताळी, कोयते, फेकायचे दगड, कातडी टोप्या. सगळं मिळून चार-पाचशे दिनारही नाहीत आणि वजन मात्र इतकं की खेचरं वाकतात. विकायला शहर गाठा, तिथल्या व्यापाऱ्याचे पैसे संपले की पुढचं शहर गाठा. हे पर्क हाती आल्यापासून मी किमती वस्तू तेवढ्या बाजूला काढते आणि उरलेला ढीग जागीच टाकून देते. रिक्रूटच्या ओळीवर लगेच बाण चमकतात. विक्रीची कटकट गेली आणि तालीमही झाली, एका दगडात दोन पक्षी.

अन्नधान्याचं थोडक्यात सांगते. वीस माणसं दिवसाला एक नग खातात, म्हणजे दोनशेला दहा. कॅलरेडियाचा एक ऋतू एकवीस दिवसांचा असतो. दोनशे दहा नग भरले की एक पूर्ण ऋतू निश्चिंत. धान्याच्या जोडीला मासे, चीज, लोणी, खजूर असे प्रकार ठेवले की शिपायांचं मनोबल वाढतं. वजनासाठी खेचरं.

सोबत्यांना, म्हणजे आपण पदरी ठेवलेल्या खास पात्रांना, कामं वाटून देणं हेही एकदाच करायचं आणि विसरायचं: क्वार्टरमास्टर (रसद बघणारा), सर्जन, स्काउट, इंजिनिअर. यातल्या क्वार्टरमास्टरच्या स्टुअर्ड कौशल्यावर तुमच्या सैन्याची मर्यादा वाढते, आणि सर्जन चांगला असेल तर कमी माणसं मरतात. कमी मेली म्हणजे कमी भरती, कमी भरती म्हणजे यादीत कमी नवखे. सर्जनकडे बहुतेक जण उशिरा लक्ष देतात. मी पहिल्या ओळखीच्या सोबत्यापासूनच बघते की औषधोपचार कुणाला येतो.

काही जुने खेळाडू म्हणतात की एवढं सोपवून दिलं तर सेनापती म्हणून आपण काय केलं? मला हा आक्षेप इतिहासाला धरून वाटत नाही. मध्ययुगातला राजा सहसा एकेका शिपायाकडे बघत बसत नसे. १४१५ साली पाचवा हेन्री फ्रान्सवर निघाला तेव्हा त्याने आपल्या सरदारांशी लेखी करार केले: तू इतके चिलखती योद्धे आणि इतके तिरंदाज आणायचेस. साधारण एका योद्ध्यामागे तीन तिरंदाज असं प्रमाण. साध्या दर्जाच्या चिलखती योद्ध्याला दिवसाला बारा पेन्स, तिरंदाजाला सहा. माणसं निवडणं, त्यांना शस्त्रं देणं, हजेरीला उभं करणं हे सरदाराचं काम. राजाने प्रमाण ठरवलं, दर ठरवला आणि मोजणी करून घेतली. मंगोलांकडे तर दहाच्या पटीतली रचना होती: दहा, शंभर, हजार, दहा हजार. प्रत्येक नायकाच्या हाताखाली थेट दहाच जण. चंगेज खानाची आज्ञा दहा हजारांपर्यंत पोचत होती ती या साखळीमुळे. आपण सोपवतो तेव्हा त्या काळाच्या जास्त जवळ जातो.

इतर खेळांनी हा प्रश्न वेगवेगळ्या तऱ्हेने सोडवला आहे. २००६ सालच्या 'मेडिव्हल २: टोटल वॉर'मध्ये अर्धी कापली गेलेली तुकडी भरून काढायची तर तिला मागे आणावं लागायचं, तेही अशा शहरात जिथे त्या प्रकारची तुकडी घडवणारी इमारत आहे. मग रिट्रेन, म्हणजे तिथे तिची पुन्हा भरती. नाहीतर एका तुकडीचं कार्ड दुसरीवर ओढून दोन अपुऱ्यांची एक पुरी करायची. पुढे २०१०च्या 'नेपोलियन'पासून त्या मालिकेत स्वतःच्या प्रदेशात तुकड्या आपोआप भरू लागल्या. वेळ वाचला, हे खरं. पण जेरुसलेमजवळ थकलेल्या सरंजामी नाइट्सना पुढे न्यायचं की अँटिऑकला परत पाठवायचं, हा निर्णय मला खेळाचा गाभा वाटायचा, आणि तो निघून गेला. कंटाळा काढताना असा निर्णयच काढून टाकला तर नुकसान होतं.

'क्रुसेडर किंग्ज'ने हे जास्त नेमकं जमवलं. दुसऱ्या भागात लेव्ही, म्हणजे मांडलिकांकडून मागवलेली फौज, उभारली की मांडलिकांची माणसं त्यांच्या त्यांच्या ठिकाणी उगवायची आणि ती गोळा करण्यातच युद्धाचे पहिले आठवडे जायचे. २०२०च्या तिसऱ्या भागात सगळं रॅली पॉइंटवर चालतं. जागा दाखवा, सैन्य तिथे जमतं. मेन-अ‍ॅट-आर्म्सच्या (म्हणजे कसलेल्या शिपायांच्या) पलटणी किती आणि कुठल्या, हे तुम्ही शांततेच्या काळात ठरवता. नंतर त्या स्वतः भरत राहतात. विचार एकदा, अंमल आपोआप. माझ्या पाच ओळींच्या नियमामागे हेच आहे.

बॅनरलॉर्डमध्ये असं काही हवं असेल तर मॉड, म्हणजे खेळाडूंनी बनवलेल्या जोडण्या, आहेत. 'इम्प्रूव्ह्ड गॅरिसन्स' मला सर्वांत उपयोगी वाटलं. गॅरिसनला भरती करणारा माणूस नेमून देता येतो, तो आजूबाजूच्या गावांतून पोरं आणतो, आणि कुठल्या शिपायाला कुठल्या फाट्याने वर न्यायचं याचा साचा ठरवून देता येतो. मी मग किल्ल्यात जाऊन तयार लीजनरी उचलते. एकच सांगणं: मॉड खेळाच्या ठरावीक आवृत्तीवर चालतात. मोहीम रंगात आली असेल तर स्टीमवर (जिथून खेळ घेतला ते ऑनलाइन दुकान) बीटाच्या यादीतून तीच आवृत्ती निवडून ठेवा, म्हणजे अपडेट येऊन सेव्ह अडकणार नाही.

मैदानावरची मांडणीही याच न्यायाने. लढाईआधीच्या पडद्यावर आठ तुकड्या पाडता येतात, मी चारच पाडते. ढालवाले, तिरंदाज, घोड्यावरचे तिरंदाज आणि डाव्या बगलेला ठेवलेली ढालवाल्यांचीच लहान तुकडी. प्रत्येकीला एक सोबती कप्तान म्हणून. एफ३ आणि मग एफ२ दाबलं की ढालींची भिंत उभी राहते. घोड्यावरच्या तिरंदाजांना मी डेलिगेट कमांड देते, म्हणजे त्यांचे हुकूम खेळावर सोपवते, आणि त्यांच्याकडे बघतही नाही. ते शत्रूभोवती फिरत बाण मारत राहतात. माझं सगळं लक्ष पायदळाच्या रेषेवर राहतं, आणि मला खेळायचं असतं ते तेवढ्याचसाठी.

हाताने करायच्या दोन-तीन गोष्टी मात्र मी कुणालाच देणार नाही. मोहिमेचे सुरुवातीचे दिवस, जेव्हा सोबत वीसेक माणसं असतात आणि प्रत्येकाचा जीव मोलाचा असतो, तेव्हा मी एकही सोय वापरत नाही. बटानियाच्या एखाद्या गावात पहिला हायबॉर्न यूथ मिळतो, यादीत त्याच्या नावापुढे '१' हा आकडा असतो, आणि पुढच्या कित्येक लढाया मी त्या एकट्याला टेकडीवर, सगळ्यांच्या मागे उभा करते. त्याचा वॉरियर होतो, हिरो होतो, फियान होतो. चॅम्पियन होईपर्यंत त्या ओळीत आणखी पाच-सहा जण आलेले असतात. पण पहिला कोणत्या गावचा होता ते मला आठवतं.

एक गाठ अजून सुटलेली नाही. क्लॅनमधल्या सोबत्यांना वेगळी पार्टी, म्हणजे स्वतःची टोळी, काढून दिली की ते वाटेल तिथून वाटेल ते शिपाई भरतात. मी खेळते त्या आवृत्तीत त्यांना आक्रमक राहा की सांभाळून राहा एवढं सांगता येतं, कुणाला भरती करायचं ते सांगता येत नाही. सध्या मी त्यांना निघतानाच किल्ल्यातले पन्नास तयार शिपाई देते आणि पगाराची मर्यादा अशी घट्ट ठेवते की नव्या भरतीला फारशी जागाच उरत नाही. महिनाभर हे टिकतं. मग एखादी लढाई ते हरतात आणि परत सगळं पहिल्यापासून. मॉड न घालता यावर कुणी चांगला तोडगा काढला असेल तर मला तो शिकायचा आहे.